चम्मकचा ताम्रपट आणि रोमचा सम्राट

राजांनीं धर्माला आश्रय दिला, असें इतिहासांत वारंवार वाचावयास मिळतें. परंतु त्या आश्रयाच्या मोबदल्यांत त्यांनीं काय मागितलें, हें लिहून ठेवलेलें क्वचितच सांपडतें. आरंभींचा ख्रिस्ती धर्म रोमन सम्राटांनीं प्रजा कह्यांत ठेवण्यासाठीं घडविला काय, हा पुष्कळ चर्चिला गेलेला प्रश्न आहे. त्याचा विचार करूं लागलेल्या वऱ्हाडी मनुष्याला प्रथम रोमपर्यंत जाण्याचें कारण नाहीं. अमरावती जिल्ह्यांत अचलपुराजवळ चम्मक नांवाचें गांव आहे. तेथें मिळालेल्या ताम्रपटावर राजा आणि धर्म यांच्यांतील देवघेव उघड शब्दांत कोरलेली आहे.

हा ताम्रपट वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याचा. गुप्त सम्राट दुसरा चंद्रगुप्त हा त्याचा मातामह होय. पांचव्या शतकांत, आपल्या कारकीर्दीच्या १८ व्या वर्षीं, त्यानें भोजकट राज्यांतील मधुनदीच्या कांठचें चर्मांक हें गांव १००० ब्राह्मणांना दान दिलें. चर्मांक म्हणजेच आजचें चम्मक. दिलेल्या जमिनीचें माप राजमानानें ८००० भूमि असें सांगितलें आहे. गांवाला कर माफ होता. राजाच्या शिपायांनीं तेथें पाऊल ठेवावयाचें नव्हतें. फुलें, दूध, गवत, कातडें, कोळसा यांची मागणी करावयाची नव्हती. वेठबिगार नव्हती, जमिनींतील ठेवा सांपडला तर तोहि दान घेणाऱ्यांचाच. थोडक्यांत, राजानें त्या गांवावरील आपले बहुतेक हक्क सोडून दिले.

परंतु दान बिनशर्त नव्हतें. ब्राह्मणांनीं सप्तांग राज्याचा द्रोह करूं नये. ब्रह्महत्या, चोरी, व्यभिचार, राजाचा घात असलीं कृत्यें करूं नयेत. युद्ध करूं नये. दुसऱ्या गांवांना उपद्रव देऊं नये. असें वर्तन राहील तोंवर हें दान चंद्रसूर्य असेपर्यंत टिकेल. कोणी याविरुद्ध वागला, अथवा तशा वागणुकीला नुसती संमति दिली, तर जमीन परत घेणाऱ्या राजाला चोरीचा दोष लागणार नाहीं. दिलेलें दान परत घेणें हें धर्मशास्त्रानें महापाप मानलेलें असतां, त्या पापांतून सुटण्याची वाट राजानें दानपत्रांतच करून ठेवली, हें विशेष लक्षांत घेण्यासारखें आहे.

तथापि या अटींत एक गोष्ट मुळींच नाहीं. कोणत्या देवाची उपासना करावी, कोणतें मत खरें मानावें, याविषयीं राजा एक अक्षरहि बोलत नाहीं. प्रवरसेन स्वतः शिवभक्त. त्याचा पिता दुसरा रुद्रसेन विष्णुभक्त होता. त्याच कुळाच्या वत्सगुल्म, म्हणजे आजच्या वाशीम, येथील शाखेंत हरिषेण राजाचा मंत्री वराहदेव यानें अजिंठ्याचें १६ वें लेणें बौद्ध भिक्षुसंघाला अर्पण केलें. वाकाटकांना निष्ठा हवी होती. एकमत नको होतें.

आतां रोमकडे पाहावें. सम्राट कॉन्स्टंटाइन यानें ३१३ सालीं ख्रिस्ती धर्माला मोकळीक दिली, आणि त्या सुमारास आफ्रिका प्रांतांतील धर्मगुरूंना नागरी कामांच्या ओझ्यांतून मुक्त केलें. पण ही सवलत तेथील दोन भांडणाऱ्या पक्षांपैकीं सीसिलियनच्या पक्षालाच मिळाली, डोनॅटस पंथीयांना नाहीं. चम्मकच्या अटींशीं याचें साम्य स्पष्ट आहे. पुढें मात्र सम्राटानें एक पाऊल अधिक टाकलें. ख्रिस्ती संघ एका शिस्तीनें बांधलेला असल्यामुळें त्यांतील मतभेद म्हणजे साम्राज्यांतीलच फूट, असें त्याला वाटलें. म्हणून ३२५ सालीं त्यानें नायसीया येथें धर्माध्यक्षांची परिषद भरविली आणि तिचा निर्णय न मानणाऱ्या एरियसला हद्दपार केलें.

यावरून धर्मच सम्राटानें निर्माण केला असें म्हणतां येत नाहीं. ६४ सालीं नीरोनें ख्रिस्ती लोकांचा छळ केला होता, आणि ३०३ पासून डायोक्लेशियनच्या अमदानींत त्यांचे धर्मग्रंथ जाळण्यांत आले होते. म्हणजे हा धर्म राजाश्रयापूर्वीं जवळजवळ तीनशें वर्षें राजाच्या विरोधांतच वाढला. शिवाय मतावर ताबा चालविण्याचा प्रयत्नहि साधला नाहीं. कॉन्स्टंटाइनचा पुत्र कॉन्स्टंशियस नायसीयाच्या मताच्या विरुद्ध गेला, अथनेशियस या धर्माध्यक्षाला निरनिराळ्या सम्राटांनीं मिळून पांच वेळां हद्दपार केलें, तरी अखेर त्याचेंच मत टिकलें. ३८० सालीं थिओडोसियसनें त्याच मताला राजमान्यता दिली; आणि दहा वर्षांनीं थेस्सालोनिका येथील कत्तलीबद्दल मिलानच्या अँब्रोजनें त्या सम्राटालाच प्रायश्चित्त घ्यावयास लावलें. बांधावयास गेलेला स्वतःच बांधला गेला.

तेव्हां या वादाचें उत्तर एका शब्दांत देणें योग्य नव्हे. राजा धर्मसंस्थेला जमीन देतो, कर माफ करतो, एका पक्षाला जवळ करून दुसऱ्याला दूर लोटतो. आणि याचा परिणाम संस्थेच्या रूपावर खोलवर होतो, हें नाकारतां येणार नाहीं. पण जें त्यानें दिलेलें असतें तेवढेंच त्याला परत घेतां येतें. चम्मकची जमीन राजाची होती, म्हणून ती काढून घेण्याचा हक्क त्यानें राखून ठेवला. श्रद्धा त्यानें दिलेली नव्हती. ती हिरावून घेण्याची अट त्याच्या ताम्रपटांत नाहीं, आणि ती अट घालूं पाहणाऱ्या सम्राटांना ती पाळून घेतां आली नाहीं. धर्मसंस्थेनें एवढेंच ओळखावें कीं, स्वीकारलेल्या प्रत्येक दानाच्या पाठीमागें कोठें तरी एक अट कोरलेली असते. चम्मकच्या राजानें ती वाचतां येईल अशी कोरली, हा त्याचा प्रामाणिकपणा होय.