धान्याच्या धुळीचा स्फोट

आपल्या वैरागच्या बाजारांत ज्वारी, तूर, मका यांचीं पोतीं कोणीं पाहिलीं नाहींत? धान्याचा भरडा, तुरीची चुनी व सरकीची पेंड यांपासूनच गुरांचें खाद्य तयार होतें. अशा निरुपद्रवी वस्तूंचा स्फोट होऊन माणसें होरपळतात, असें सांगितल्यास कोणास खरें वाटणार नाहीं. परंतु तें खरें आहे.

लाकडाचा ओंडका सावकाश जळतो, त्याचाच भुसा मात्र चटकन पेटतो. धान्याची बारीक पूड हवेंत तरंगत असतां तिच्या कणाकणास चोहोंकडून हवा मिळते. एक ठिणगी पडतांच सारे कण क्षणार्धांत जळतात आणि कोंडलेली तप्त हवा भिंती फोडून बाहेर पडते.

इटलींतील तुरिन शहरीं 14 डिसेंबर 1785 रोजीं एका पाववाल्याच्या कोठारांत असेंच घडलें. कित्येक महिने पाऊस नसल्यानें पीठ अगदीं कोरडें होतें. एक मुलगा तें उकरीत असतां ढीग ढासळला, धुळीचा लोट उठला व भिंतीवरील दिव्यानें पेटला. मुलाचें तोंड व हात भाजले. पुढें 31 मे 2017 रोजीं अमेरिकेंतील कँब्रिया गांवीं मक्याच्या गिरणींत स्फोट होऊन 5 कामगार मृत्युमुखीं पडले व 14 जखमी झाले.

पहिला स्फोट कित्येकदां लहान असतो. पण त्याच्या धक्क्यानें तुळयांवर साचलेली धूळ उडून दुसरा, अधिक भयंकर स्फोट होतो. म्हणून धूळ साचूं न देणें हाच खरा उपाय होय. 1948 च्या कारखाने कायद्याच्या 37 व्या कलमानें यंत्रें बंदिस्त ठेवणें, धूळ काढून टाकणें व ठिणगीचीं कारणें दूर ठेवणें आवश्यक ठरविलें होतें. विडी, उघडा दिवा, तापलेलें यंत्र, हीं सारीं ठिणगीचीं घरेंच समजावीं.

कोणी भाजल्यास प्रथम अंगठ्या, बांगड्या काढाव्या आणि भाजलेल्या भागावर 20 मिनिटें गार पाणी वाहूं द्यावें. चिकटलेलें कापड ओढूं नये; तूप, शाई, हळद लावूं नये. नाकांत काजळी दिसल्यास किंवा आवाज घोगरा झाल्यास श्वासमार्ग भाजला असण्याचा संभव असतो. अशा मनुष्यास, कातडी बरी दिसली तरी, तत्काळ दवाखान्यांत न्यावें.

मुलांनो, तुमच्यांपैकीं कोणाचे वडील वा भाऊ गिरणींत राबत असतील, तर त्यांस एवढेंच विचारा: “तुमच्या तुळईवर धूळ किती साचली आहे?”