माळ्यावरचं पेडल भंगारात देण्यापूर्वी

दिवाळीच्या आवराआवरीत माळ्यावरून गिटारची जुनी बॅग खाली येते. आत गंजलेल्या तारा, गाण्यांची वही आणि मुठीपेक्षा थोडी मोठी, नारिंगी रंगाची एक जड डबी. बाबा कॉलेजात असताना बॅण्डमध्ये वाजवायचे, तेव्हाचं हे पेडल. मुलगा कौतुकाने गिटार जोडतो, पायाने पेडल दाबतो आणि काहीच होत नाही. 'गेलं हे' असं म्हणून तुम्ही ते बाजूला ठेवण्याआधी एक दुपार त्याच्यासाठी काढा. अशी 'गेलेली' पेडलं पुष्कळदा गेलेली नसतातच.

गिटारशी संबंध नसलेल्यांसाठी थोडक्यात सांगायचं तर ही डबी इलेक्ट्रिक गिटार आणि अॅम्प्लिफायर यांच्या मध्ये जोडतात. कुणी आवाजाला घुमारा देतं, कुणी तो मुद्दाम फाडतं. जपानच्या बॉस कंपनीने १९७७ मध्ये अशी लहान पेडलं आणायला सुरुवात केली. नारिंगी डीएस-१ त्याच्या पुढच्या वर्षीचं. त्याची रचना साधी आहे आणि ते चालतं ९ व्होल्टच्या बॅटरीवर, त्यामुळे बॅटरी लावून आत हात घातला तरी शॉक बसण्याची भीती नाही. अॅम्प्लिफायर मात्र कधीच उघडू नका. त्यात, विशेषतः व्हॉल्व्हवाल्या जुन्या अॅम्पमध्ये, प्लग काढल्यावरही जीवघेणा दाब साठलेला असतो.

आधी पेडल बाजूला ठेवून गिटार थेट अॅम्पला जोडा आणि तुमच्याकडच्या दोन्ही केबल एकेक करून वाजवून बघा. खराब केबलचं खापर पेडलवर फुटतं, हे इतक्या वेळा होतं की हसू येतं. मग नवी बॅटरी लावा. जुनी आतच फुटली असेल तर क्लिपवर पांढरा-हिरवट थर दिसेल. तो ओल्या कापडाने नाही, तर आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या जुन्या टूथब्रशने काढा. थराने क्लिप खाल्ली असेल तर ती बदलायची. काही रुपयांत मिळते.

आता एक गोष्ट, जी अनेक गिटारवादकांनाही ठाऊक नसते. बहुतेक पेडलना वेगळं बटण नसतं. इनपुटच्या भोकात केबलची पिन गेली की तीच बॅटरी सुरू करते. त्या जॅकमधली पट्टी सैल झाली किंवा तिच्यावर काजळी चढली, की पेडल मेल्यासारखं गप्प. मुंबई, गोवा, चेन्नईच्या दमट हवेत हे हमखास होतं. पिन दहा-बारा वेळा आत-बाहेर करा. दिवा लुकलुकला तर चोर सापडला.

अॅडॅप्टर वापरत असाल तर आणखी एक मेख आहे. बॉसची जुनी पेडलं एसीए नावाच्या अॅडॅप्टरसाठी बनलेली होती. तो प्रत्यक्षात ९ व्होल्टपेक्षा बराच जास्त दाब द्यायचा, म्हणून तो कमी करायची सोय पेडलच्या आतच असे. त्याला आजचा काटेकोर ९ व्होल्टचा अॅडॅप्टर लावला की दिवा मिणमिणतो, आवाज अशक्त होतो आणि आपण समजतो पेडल बिघडलं. बॅटरीवर ठणठणीत चालत असेल तर ते बिघडलेलं नाही. आणि वायफायच्या राउटरचा अॅडॅप्टर बसतोय म्हणून लावू नका. त्याची पिन बहुधा आतून धन असते, पेडलला ऋण लागते.

इथवर येऊन जमलं नाही, तरच खालचे चार स्क्रू काढा. उघडण्याआधी आणि उघडल्यावर फोटो काढून ठेवा. नजर आधी जॅक आणि नॉब जिथे जोडलेत तिथे फिरवा, कारण धक्के तिथेच बसतात. सोल्डरच्या थेंबाभोवती बारीक गोल चीर दिसली तर २५ वॅटच्या आयर्नने तो थेंब पुन्हा वितळवा. खिडकी उघडी ठेवा, नंतर हात धुवा. सोल्डरमध्ये शिसं असतं. नॉब फिरवताना खरखर होत असेल तर कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक फवारा पुरतो. पायाखालचं छोटं बटणही झिजतं.

सगळं ठीक दिसूनही आवाज नसेल, तर खरी मजा पुढे आहे आणि त्यासाठी घरातलं आणखी एक माणूस लागेल. एका टाकाऊ केबलचं टोक कापा. बाहेरची जाळी पेडलच्या धातूच्या खोक्याला जोडा. आतल्या तारेला ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावा, त्याचा मोकळा पाय म्हणजे तुमची तपासणीची सुई. केबलचं दुसरं टोक अॅम्पमध्ये, आवाज अगदी कमी. आता मुलाला गिटार छेडत राहायला सांगा आणि पेडल चालू ठेवून ती सुई इनपुटपासून एकेका भागावर टेकवत पुढे जा. इथे ऐकू येतंय, इथेही येतंय, आणि मग एका ठिकाणी एकदम शांतता. बिघाड त्या शेवटच्या दोन जागांच्या मध्ये आहे. डॉक्टरच्या स्टेथोस्कोपसारखंच हे.

नेमका हाच शोध न घेता काही कारागीर सरसकट सुटे भाग बदलून देतात. मला ते पटत नाही. सुरुवातीच्या डीएस-१ मध्ये तोशिबाची टीए७१३६एपी ही चिप होती. नंतरच्या डीएस-१ मध्ये ती नाही. एकदा काढून कचऱ्यात गेली की बाबांच्या पेडलचा तो आवाजही गेला. १९६६ च्या गोल फझ फेसमधले जर्मेनियम ट्रान्झिस्टर तर आणखी नाजूक. उन्हाळ्यात खोली तापली की त्यांचा सूर बिघडतो, थंडाव्यात परत येतो. तो दोष नाही, स्वभाव आहे. चाळीस वर्षांत आतून सुकतात ते इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर. गुणगुण वाढली असेल तर फक्त तेवढे बदला, आणि काढलेला प्रत्येक भाग पाकिटात जपून ठेवा. मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात बुधवार पेठ, बेंगळुरूत एसपी रोड, चेन्नईत रिची स्ट्रीट इथे हे सहज मिळतात.

बंद करताना सर्किट आणि खालच्या पत्र्यामधला प्लॅस्टिकचा पातळ कागद विसरू नका. तो राहिला तर सोल्डरचे थेंब पत्र्याला टेकतात आणि दुरुस्त केलेलं पेडल पुन्हा गप्प होतं. आणि वाजवून झाल्यावर इनपुटमधली पिन काढून ठेवायला मुलाला आत्ताच सांगा, नाहीतर नवी बॅटरी चार दिवसांत संपेल.