बुडालेल्या जहाजातील शिसे

सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी शिशाच्या लगडी घेऊन निघालेले एक रोमन जहाज सार्डिनिया बेटाजवळ समुद्रात बुडाले. विसाव्या शतकाच्या अखेरीस त्या लगडी वर काढण्यात आल्या. त्यांवरील कोरीव अक्षरांचे भाग इतिहाससंशोधकांसाठी जपून ठेवले, आणि काही शिसे इटलीतीलच ग्रान सास्सो पर्वताखालील प्रयोगशाळेस मिळाले. इतक्या जुन्या शिशाची शास्त्रज्ञांना गरज का पडावी?

याचे कारण न्यूट्रिनो हा अतिसूक्ष्म कण होय. १९३० साली पाउली यांनी त्याची कल्पना मांडली व १९५६ साली त्याचे अस्तित्व सिद्ध झाले. त्याला वस्तुमान नसावे असा पुष्कळांचा समज होता. परंतु १९९८ साली जपानमधील प्रयोगाने तो खोटा ठरविला. मग ते वस्तुमान किती?

याचे उत्तर एका विरळ घटनेतून मिळू शकेल. काही अणुगर्भांतील दोन न्यूट्रॉनांचे एकाच वेळी प्रोटॉन होतात. तेव्हा दोन इलेक्ट्रॉन व दोन प्रतिन्यूट्रिनो बाहेर पडतात. परंतु न्यूट्रिनो व प्रतिन्यूट्रिनो एकच असतील, तर क्वचित केवळ इलेक्ट्रॉनच बाहेर पडतील. ही घटना किती विरळ आहे, यावरून वस्तुमानाचा अंदाज बांधता येईल.

एका अणूकडे पाहत बसल्यास विश्वाचे आयुष्यही अपुरे पडेल. म्हणून शास्त्रज्ञ असंख्य अणूंवर एकाच वेळी लक्ष ठेवतात. ग्रान सास्सो येथील ‘कुओरे’ या प्रयोगासाठी टेल्युरियमयुक्त ९८८ स्फटिक घेऊन ते निरपेक्ष शून्याच्या जवळपास थंड केले. अणुगर्भाचा क्षय झाला की स्फटिक किंचित तापतो. एवढीशी ऊब ओळखावयाची, तर भोवती कमालीची शांतता हवी. विश्वकिरणांना सुमारे १४०० मीटर जाडीचा खडक थोपवितो. आसपासच्या किरणोत्सर्गास शिसे अडविते. पण नव्या शिशात स्वतःचाच थोडा किरणोत्सर्ग असतो. तो दर २२ वर्षांनी निम्मा होतो. दोन हजार वर्षांत तो जवळजवळ नाहीसा झाला!

त्या घटनेचा सर्वमान्य पुरावा अद्याप मिळालेला नाही. तरीही श्रम वाया गेले नाहीत. ती घडत असलीच, तर किती विरळ असली पाहिजे, हे प्रत्येक वर्षाच्या निरीक्षणाने अधिक स्पष्ट होत गेले. न सापडणे हेही, नीट मोजले तर, ज्ञानच असते.