डांग्या खोकला : लस आईला, कवच बाळाला

डांग्या खोकल्याने दगावणारी बहुतेक बाळं तीन महिन्यांच्या आतली असतात. इतक्या लहान बाळाला ढास लागतेच असं नाही. कधी श्वासच थांबतो. इंग्लंडमध्ये लसीचा पहिला डोस आठव्या आठवड्यात, आपल्याकडे सहाव्या. म्हणजे धोका सर्वाधिक तेव्हाच बाळ उघडं. २०१२च्या साथीत इंग्लंडमध्ये १४ तान्ही बाळं गेली आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरपासून गरोदर स्त्रियांना लस देणं सुरू झालं. आईची प्रतिपिंडं वारेतून बाळापर्यंत पोचतात. पुढच्या पाहणीत लस घेतलेल्या आयांच्या कोवळ्या बाळांमधला आजार सुमारे ९० टक्क्यांनी टळलेला दिसला.

गरोदरपणी औषधच नको, ही भीती रास्तच. पण या लसीत जिवंत जंतू नसतो, आणि ब्रिटनमधल्या सुमारे २० हजार लसवंत गर्भवतींच्या नोंदींत मृतजन्म वाढल्याचं आढळलं नाही. आईच्या प्रतिपिंडांमुळे बाळाचा स्वतःच्या लसीला प्रतिसाद थोडा मंदावतो, हा आक्षेप अधिक वजनदार. तरी पहिल्या महिन्यांतला जीव वाचणं मला मोठं वाटतं. प्रतिपिंडं लवकर ओसरतात, म्हणून प्रत्येक गरोदरपणी नवा डोस लागतो. आपल्या सरकारी दवाखान्यात गर्भवतीला मिळणाऱ्या टीडी (धनुर्वात-घटसर्प) लसीत मात्र डांग्या खोकल्याचा घटक नाही. त्यासाठी टीडॅप डॉक्टरांकडे वेगळी मागावी लागते.