मधमाशी आणि आपलं ताट (लेखांक ६) : कांद्याला माशी कशाला लागते?

बदाम आणि सफरचंदावरचा मागचा लेखांक वाचून काही वाचकांनी रास्त शंका काढली. आम्ही भाकरी-कांद्यावर जगणारी माणसं, मधमाश्या कमी झाल्या तर आमचं काय अडतं? भाकरीपुरतं बोलायचं तर फारसं काही नाही. ज्वारी, बाजरी, गहू, भात यांचं परागीभवन वाऱ्यावर किंवा फुलातल्या फुलातच उरकतं. ऊस तर कांड्यांवरच लावतात. जगातल्या ११५ प्रमुख अन्नपिकांपैकी ८७ पिकांना कीटकांची आणि इतर जिवांची कमी-अधिक मदत लागते, पण वजनाने पाहिलं तर या पिकांचा वाटा ३५ टक्क्यांच्या आसपास भरतो. तेव्हा मधमाशी संपली की चार वर्षांत माणूस संपेल, हे आइन्स्टाइनच्या नावावर फिरणारं वाक्य खुशाल विसरा. त्याने ते म्हटल्याचा काही पुरावाही नाही.

अडतं ते कांद्यापाशी.

कांदा पोसतो जमिनीत, त्याला माशीशी देणंघेणं नाही. पण तो ज्या बियाण्यापासून येतो, ते माशीशिवाय धरत नाही. बियाण्यासाठी निवडक कांदे ऑक्टोबर-नोव्हेंबरात पुन्हा लावतात, त्यांना पोकळ हिरवे दांडे फुटतात आणि थंडी सरता सरता टोकाला पांढरे गोंडे येतात. एरवी डेंगळे आलेला कांदा बाजारात कुणी हातात धरत नाही; जालना-बुलडाण्याच्या बीजोत्पादकाची मात्र सगळी मदार या डेंगळ्यांवर.

एक गोंडा जवळून पाहावा. लिंबाएवढ्या त्या गोळ्यात शेकडो चांदणीसारखी फुलं असतात आणि ती एकदम न उमलता दोन-तीन आठवडे थोडी थोडी उमलत राहतात. प्रत्येक फुलात सहा पुंकेसर. आधी आतले तीन पराग सोडतात, मग बाहेरचे तीन. हे सगळं चालू असताना मधली स्त्रीकेसराची दांडी जेमतेम मिलिमीटरभर असते, पराग स्वीकारायला तयारच नसते. ती वाढून तयार होईपर्यंत त्याच फुलातले पराग झडून गेलेले असतात. म्हणजे पराग आणायचा तो दुसऱ्या फुलातून, आणि तो वाऱ्यावर येण्याइतका हलका-कोरडा नसतो. कुणीतरी अंगाला माखून आणावाच लागतो.

याचा हिशेब गमतीचा आहे. एका फुलात फार तर सहा बिया धरतात. एक किलो कांदा-बियाण्यात साधारण तीन लाख बिया. म्हणजे प्रत्येक फूल शंभर टक्के भरलं असं धरलं तरी किलोभर बियाण्यामागे पन्नास हजार फुलांवर माशी बसून गेलेली असते. हेक्टरभर कांद्याच्या लागवडीला आठ-दहा किलो बियाणं लागतं. पुढची आकडेमोड वाचकांनीच करावी.

हे काम आपल्याकडे प्रामुख्याने फुलोरी आणि आग्या या रानमाश्या करतात, जोडीला सातेरी. त्यातही कांद्याचा मकरंद माशीच्या फार आवडीचा नाही. त्यात पोटॅशियम जास्त असतं. शेजारी कोथिंबीर किंवा मोहरी फुललेली असली की माशी सरळ तिकडे वळते. थोडक्यात, कांद्याच्या फडात माश्यांची गर्दी व्हायची तर परिसरात त्या मुबलकच असाव्या लागतात. चार-दोन पोळी असून भागत नाही.

आणि नेमकं इथेच घोडं पेंड खातं. मधमाश्या घटताहेत असं म्हटलं की लगेच पेट्यांचे आकडे पुढे केले जातात, आणि जगातल्या पाळीव वसाहतींची संख्या तर गेल्या साठ वर्षांत वाढलेलीच आहे. पण फुलोरीची पेटी नसते. ती बांधावरच्या झुडपात, हाताला लागेल इतक्या उंचीवर, तळहाताएवढं एकच उघडं पोळं बांधते. कांद्यावर फुलकिडे पडले की फवारणी होते, तीही अनेकदा दोन-तीन औषधांची खिचडी करून. माश्या घरी परतल्यावर, संध्याकाळी फवारा, असा सल्ला कृषी खातं देतं. सल्ला चांगला आहे, पण तो पेटीतल्या माशीला धरून दिलेला. फुलोरीचं घर बांधावरच असतं. संध्याकाळी फवारलं तर ती घरी बसून भिजते.

दुसरं कारण बांधाचंच. माशीला बारा महिने खायला लागतं. आपला फुलोरा असतो महिनाभराचा. पूर्वी खरिपात तीळ-कारळे, रब्बीत करडई-जवस, बांधावर बोर, करंज, कडुनिंब अशी तिची सोय आपोआप होत होती. आता सोयाबीन, कापूस, ऊस आणि तणनाशकाने स्वच्छ केलेला बांध. आग्या तर डोळ्यासमोर नको. दिसला की मशाल, शहरात दिसला की पेस्ट कंट्रोल.

माश्या आल्या नाहीत की गोंडे वरून भरगच्च दिसतात आणि हातावर चोळले की पोचट निघतात. मग काही ठिकाणी मजूर बायका सकाळी ओळीओळीने गोंड्यांवरून हात फिरवत जातात. चीनच्या सिचुआन प्रांतात नासपतीच्या बागांत माणसं काठीला पिसं बांधून हेच करतात; पण नासपतीचं एक फूल म्हणजे एक फळ, इथे एक फूल म्हणजे फार तर सहा बिया. मजुरी परवडायची कशी? गुळाचं पाणी फवारून माश्या बोलावण्याचाही उपाय करतात. मला तो तितकासा पटत नाही. दांड्यावरच गूळ चाटायला मिळाला तर माशीने फुलात शिरायचं कशाला?

हा तुटवडा ग्राहकाला थेट दिसत नाही. कांद्याचं बियाणं साध्या साठवणुकीत वर्षभरच नीट उगवतं, त्यामुळे जुना साठा फारसा कामी येत नाही. यंदा दाणा भरला नाही तर पुढच्या हंगामात बियाणं महागतं, रोपं विरळ होतात आणि भाव चढतात त्याच्याही नंतर. तेव्हा माशीचं नाव कुणाच्या तोंडी नसतं. २०२० मध्ये तर केंद्र सरकारला कांदा बियाण्याची निर्यातच थांबवावी लागली होती. तेव्हाची कारणं वेगळी होती, पण कांद्याचा बाजार बियाण्यावर किती टेकलेला आहे ते त्या वर्षी दिसलं.

बीजप्रमाणीकरणाच्या नियमांना माशी ठाऊक आहे, हे विशेष. दुसऱ्या वाणाचा पराग तिच्या अंगावर बसून येऊ नये म्हणून कांद्याच्या प्रमाणित बियाण्याच्या प्लॉटभोवती ५०० मीटर आणि पायाभूत बियाण्याभोवती १,००० मीटर अंतर राखावं लागतं. तपासणीला येणारा अधिकारी या टापूत दुसरा कांदा फुललाय का ते पाहतो. फुलोऱ्याच्या दिवसांत याच टापूत कुणी, कधी, काय फवारलं याची नोंद त्याच फेरीत, त्याच कागदावर घेता येईल. शेजाऱ्याच्या फवारणीने ज्याचं बी गेलं, त्याच्या हाती निदान कागद तरी राहील.

पुढच्या आठवड्यात : भाड्याने येणाऱ्या पेट्या, त्यांचा दर आणि डाळिंबवाल्यांचा अनुभव.