ओसाका शहर: कामगाराच्या नजरेतून

वरसे गावचा माणूस ओसाकाला कशाला गेला, असा प्रश्न आपल्या मनात येणे साहजिक आहे. आमचा भाचा तेथे नोकरीला आहे. त्याने तिकीट पाठविले आणि आम्ही गेलो, एवढेच त्याचे उत्तर. कॉलेजची पायरी आम्ही चढलेलो नाही. जे वाचले ते रात्रपाळी संपल्यावर. परंतु जपानचे नाव आमच्या घरात जुने होते. आमचे आजोबा मुंबईच्या गिरणीत होते. जपानचा माल स्वस्त पडतो, तेव्हा तुमचा पगार कापावा लागतो, असे त्यांना मालक सांगत. तो स्वस्त माल ज्या शहरात निघे, ते हे ओसाका.

हा संबंध थोडा उलगडून सांगतो. १८८२ साली ओसाकात मोठी सूतगिरणी स्थापन झाली आणि पुढे त्या शहराला पूर्वेकडचे मँचेस्टर म्हणू लागले. तेथे लागणारा कापूस मुंबई बंदरातून जाई. त्यात आपल्या वऱ्हाड-खानदेशचाही माल असे. बोटीचे भाडे भारी पडते म्हणून जमशेटजी टाटांनी १८९३ साली एका जपानी कंपनीशी करार केला आणि मुंबई ते कोबे अशी बोट सुरू झाली. कोबे हे ओसाकाच्या शेजारचे बंदर. आपलाच कापूस तेथे जाई आणि त्याचे सूत चीनच्या बाजारात मुंबईच्या सुताशी झुंजे. स्वस्ताईचे एक कारण असे की, तेथे गिरण्या दिवसरात्र चालत आणि खेड्यांतून आणलेल्या मुली रात्रपाळी करीत. स्त्रियांची रात्रपाळी तेथे १९२९ साली बंद झाली. म्हणजे इकडे आजोबांचा पगार कापला जात होता, आणि तिकडे कोणा शेतकऱ्याच्या पोरीची झोप. दोघांना एकमेकांची ओळख मात्र नव्हती.

आता प्रवासाचे सांगतो. समुद्रात भराव घालून केलेल्या बेटावर विमान उतरते आणि तेथून आगगाडी शहरात नेते. सरकत्या जिन्यावर लोक उजव्या बाजूला उभे राहतात आणि घाईच्या माणसासाठी डावी बाजू मोकळी सोडतात. टोकियोत याच्या उलट, असे भाच्याने सांगितले. रस्त्यावर कचराकुंडी क्वचितच दिसते आणि कचराही क्वचितच. जो तो आपला कचरा घरी नेतो. ‘ओकोनोमियाकी’ नावाचे कोबीचे जाड धिरडे तव्यावर भाजून देतात. मांसमच्छी न खाणाऱ्याने आधी विचारून घ्यावे, कारण वरून माशाचा कीस भुरभुरतात.

पण आमचे लक्ष खिळले ते मोटरमनवर. पहिल्या डब्यात उभे राहिले की काचेतून तो दिसतो. सिग्नल आला की पांढऱ्या हातमोज्याचे बोट त्याकडे रोखून तो मोठ्याने बोलतो. वेळापत्रकावर बोट, वेगाच्या काट्यावर बोट. आम्हांला प्रथम हसू आले. मग भाच्याने समजाविले: डोळ्याने पाहिले, हाताने दाखविले, तोंडाने म्हटले आणि कानाने ऐकले, म्हणजे सवयीने होणारी चूक टळते. जपानी रेल्वेची ही शंभरएक वर्षांची रीत आहे, आणि आता तेथील कारखान्यांतही ती चालते.

हे ऐकून आम्ही भारावलो होतो. दुसऱ्या दिवशी भाच्याने आम्हांला अमागासाकीला नेले. ओसाका स्टेशनपासून गाडीने दहा मिनिटांच्या आत. तेथे २५ एप्रिल २००५ रोजी एक गाडी वळणावर रुळांवरून घसरून राहत्या इमारतीवर आदळली आणि मोटरमनसह १०७ माणसे गेली. गाडीला सुमारे दीड मिनिट उशीर झाला होता. ताशी ७० किलोमीटरच्या वळणावर ती ११० हून अधिक वेगाने शिरली. उशीर करणाऱ्या मोटरमनला कामावरून उतरवून ‘शिक्षण’ देत; ते शिक्षण कसले, अपमानच. त्याची धास्ती त्या तेवीस वर्षांच्या पोराच्या मनात असावी आणि लक्ष उडाले असावे, असे चौकशीत पुढे आले. त्या इमारतीचा काही भाग आज स्मारक म्हणून जतन केला आहे. तेथे कोणी मोठ्याने बोलत नाही. आम्हीही बोललो नाही.

येथे आपल्याकडच्या एका गोष्टीची आठवण झाली. काही वर्षांपूर्वी आमच्या भागातील एका कारखान्यात एका सोबत्याने पहाटे चुकून शेजारचा व्हॉल्व्ह उघडला. हात आणि चेहरा भाजला. अहवालात ‘कामगाराची चूक’ असे दोन शब्द पडले आणि प्रकरण मिटले. सलग दुसरी पाळी होती, दोन्ही व्हॉल्व्हचा रंग एकच होता, हे कोणी लिहिले नाही. महिनाभर आधी दुसऱ्या एकाकडून तीच चूक होता होता राहिली होती. पण मेमो मिळेल या भीतीने तो गप्प बसला.

जपानची शिस्त शिका, असे आम्हांला साहेब लोक नेहमी सांगतात. आमचे म्हणणे एवढेच की, शिकायची तर पुरती शिकावी. बोट दाखवून बोलण्याची रीत घ्यावी. तिला पैसा लागत नाही. पण चूक सांगणाऱ्याला शिक्षा केली तर पुढची चूक लपते, हा अमागासाकीचा धडाही घ्यावा. आणि तेथील कामगार दर वसंतात एकत्रितपणे पगाराची बोलणी करतात, त्यालाही विसरू नये. १९५५ साली आठ संघटनांनी ही प्रथा सुरू केली. तिला ‘शुन्तो’, म्हणजे वसंताचा लढा म्हणतात.

परत आल्यावर गेट-मीटिंगमध्ये आम्ही ती रीत करून दाखविली. पोरे हसली. मग तो भाजलेला सोबती पुढे आला, आणि व्हॉल्व्हचा नंबर मोठ्याने म्हणत त्याने बोट दाखविले. त्यानंतर कोणी हसले नाही. दोन व्हॉल्व्हना दोन रंग द्यावेत, आणि चूक होता होता राहिली हे सांगणाऱ्याला मेमो देऊ नये, अशा दोन मागण्या त्याच दिवशी लिहून दिल्या आहेत. पहिली मान्य झाली आहे. दुसरीची बोलणी चालू आहेत.