साखरेचं काम केळ्याला दिलं तर?

कपात चॉकलेट केकचं पीठ कालवून मायक्रोवेव्हमध्ये ठेवलं की बहुतेक जण दुसऱ्या कामाला लागतात. तुम्ही मात्र हलू नका. हातभर लांब उभे राहा आणि दाराच्या काचेतून नीट बघा. सुरुवातीला काहीच घडत नाही, कप नुसता गोल गोल फिरतो. मग कडेच्या पिठाची चकाकी जाते, मधलं पीठ मात्र अजून ओलं आणि चमकदार असतं. बघता बघता तेही वर यायला लागतं, त्याला बुडबुडे फुटतात, आणि केक चक्क कपाच्या काठावरून डोकं काढून डोलायला लागतो. ओव्हन थांबला, की लगेच थोडा खाली बसतो.

मोठ्या ओव्हनमध्ये केकला अर्धा-पाऊण तास लागतो. इथे एका-दीड मिनिटात खेळ खलास! एवढी घाई कोणाला असते? पाण्याला.

हो, पाण्यालाच. दुधात पाणी, केळ्यात पाणी, दह्यात पाणी. पाण्याच्या प्रत्येक रेणूत ऑक्सिजनच्या बाजूला थोडा ऋण भार असतो आणि हायड्रोजनच्या बाजूला थोडा धन भार. ओव्हनमधल्या मॅग्नेट्रॉन नावाच्या नळीतून ज्या लहरी निघतात, त्यांच्यातलं विद्युतबल सेकंदाला २४५ कोटी वेळा मागेपुढे होतं. बिचारा पाण्याचा रेणू दर वेळी त्या बलाच्या दिशेने तोंड वळवायला जातो, आणि वळता वळता शेजारच्या रेणूंना धक्के देतो. ही जी ढकलाढकली चालते, तीच आपल्याला उष्णता म्हणून जाणवते. चिनी मातीच्या कपाला आणि आतल्या हवेला या लहरींचं फारसं काही वाटत नाही. कप तापतो तो आतल्या गरम केकमुळे.

मायक्रोवेव्ह पदार्थ आतून बाहेर शिजवतो, असं पुष्कळ जण सांगतात. ते खरं नाही. या लहरी पिठात दोन-तीन सेंटिमीटर शिरेपर्यंतच बऱ्याचशा शोषल्या जातात. म्हणून तर कडा आधी शिजल्या! मधल्या भागाला बरीचशी उष्णता कडांकडून हळूहळू मिळते. त्यामुळे केकसाठी उंच, अरुंद कपापेक्षा पसरट कप बरा.

आता फुगण्याचं बघू. पीठ तापलं की बेकिंग पावडरमधून कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि बुडबुडे तयार होतात. शंभर अंशांच्या आसपास पाण्याची वाफ होते. एक ग्रॅम, म्हणजे काही थेंब पाण्याची वाफ दीड लिटरहून जास्त जागा मागते! मग केक वर येणार नाही तर काय करेल? याच वेळी पिठातला स्टार्च पाणी पिऊन फुगतो आणि बुडबुड्यांभोवतीच्या भिंती घट्ट होतात. ओव्हन थांबला की वाफेचं पुन्हा पाणी होतं, वायू आकसतो, आणि केक खाली बसतो. तुमचं काही चुकलेलं नसतं, त्याने बसायचंच असतं.

एवढं कळलं की खरी गंमत सुरू होते, कारण आता कपातली एकेक गोष्ट आपण विचार करून बदलू शकतो. पहिली गोष्ट म्हणजे साखर. कपातल्या केकच्या कित्येक पाककृतींत तीन-चार मोठे चमचे साखर असते. चार चमचे म्हणजे जवळजवळ ५० ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना सांगते, की वरून घातलेल्या साखरेतून मिळणारे उष्मांक दिवसाच्या एकूण उष्मांकांच्या १० टक्क्यांहून कमी असावेत. तुमच्या वयाला हा दिवसभराचा वाटा एका कपातच संपून जातो. मग साखर काढूनच टाकू या का? टाकून बघा, केक कोरडा आणि चिवट होतो. कारण साखर फक्त गोडी आणत नाही. ती पाणी धरून ठेवते आणि केकला मऊ राखते. जिथे पाणीच सगळं शिजवतंय, तिथे पाणी सांभाळणारा गडी काढून कसं चालेल?

म्हणून मला पिकलेलं केळं फार आवडतं. सालीवर काळे ठिपके पडलेलं, कोणी हात लावत नाही असं. केळं पिकताना त्यातल्या स्टार्चची साखर होते, म्हणून कच्चं केळं गोड लागत नाही आणि पिकलेलं लागतं. त्यात भरपूर पाणी असतं आणि ते पाणी धरून ठेवणारे तंतूही असतात. म्हणजे गोडी आणि ओलावा, साखरेची दोन्ही कामं बऱ्याच अंशी ते एकटं करतं.

दुसरी गोष्ट मैदा. त्याच्या जागी नाचणी आणि थोडी कणीक घेऊ. कोकणात आणि घाटमाथ्यावर जिची भाकरी आणि आंबील होते, तीच ही नाचणी. १०० ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, गव्हाच्या कितीतरी पट. पण तिच्यात ग्लुटेन नसतं, म्हणजे बुडबुडे पकडून ठेवणारं जाळं तिला विणता येत नाही. ते काम कणीक करते, म्हणून दोघी मिळून हव्यात.

तर घ्या कप. स्टीलची वाटी अजिबात नको, सोनेरी काठाचा कपही नको. धातूवरून लहरी परत फिरतात आणि ठिणग्या उडू शकतात. चिनी मातीचा किंवा मायक्रोवेव्हला चालणारा काचेचा कप घ्या, आणि मोठं कोणीतरी जवळ असू द्या. अर्धं पिकलेलं केळं काट्याने अगदी लगदा होईपर्यंत कुस्करा. त्यात पोह्याच्या चमच्याने दोन चमचे नाचणीचं पीठ, एक चमचा कणीक, एक चमचा बिनसाखरेची कोको पावडर, चहाच्या चमच्याने एक चमचा तेल किंवा तूप, एक चमचा किसलेला गूळ आणि चिमूटभर मीठ घाला. इडलीच्या पिठाइतकं सैल होईल एवढं दूध घालून कालवा. कोकोच्या कणांना स्निग्धांश चिकटलेला असतो, म्हणून ते दुधावर तरंगत राहतात. चमच्याने कपाच्या कडेला दाबत फिरवलं की भिजतात. आता पाच मिनिटं थांबा, नाचणीला पाणी प्यायला वेळ द्या. शेवटी पाव चमचा बेकिंग पावडर घालून पटकन ढवळा. ती आधी घातली तर थोडा वायू वाट बघण्यातच निघून जाईल. कप अर्धाच भरलेला हवा, नाहीतर ओव्हन पुसत बसावं लागेल.

पाऊण मिनिट ठेवा, बघा, मग दहा-दहा सेकंद वाढवत जा. वरचा भाग किंचित ओलसर दिसतोय तोवरच थांबायचं. बाहेर काढल्यावरही उष्णता कडांकडून मध्याकडे सरकत असते, म्हणून दोन मिनिटांत मधला भाग आपोआप शिजतो. तेवढा वेळ कप जाड फडक्याने धरून बाजूला ठेवा. आतली वाफ जीभ भाजते.

या केकला वरून खरपूस कडा मात्र येत नाही. पदार्थ तांबूस व्हायला साधारण १४० अंश तापमान लागतं, आणि पाणी आहे तोवर केक शंभराच्या फार वर जात नाही. मग चव कुठून येते? कोकोमधून! कोकोच्या बिया आधीच भाजलेल्या असतात, खरपूसपणा त्या बरोबर घेऊनच येतात. मला वाटतं, कपातल्या केकला चॉकलेट इतकं शोभतं ते म्हणूनच. नाचणीचं पीठही मंद आचेवर थोडं भाजून घेतलंत तर बघाच.

चॉकलेट आणि या यंत्राची दोस्ती तर जुनीच आहे. अमेरिकेत रेथियॉन कंपनीत पर्सी स्पेन्सर नावाचे एक अभियंते होते. शाळा त्यांनी अर्ध्यावर सोडली होती, पुढचं सगळं स्वतः वाचून शिकले. दुसऱ्या महायुद्धात रडारसाठी मॅग्नेट्रॉन बनवण्याचं काम ते करत. एकदा चालू मॅग्नेट्रॉनजवळ उभे असताना त्यांच्या खिशातली चॉकलेटची वडी वितळली. दुसरा कोणी खिसा पुसून गेला असता. त्यांनी मक्याचे दाणे मागवले, आणि दाणे फटाफट फुटले! १९४५ मध्ये त्यांनी पेटंटसाठी अर्ज केला. १९४७ मध्ये बाजारात आलेला पहिला ओव्हन माणसाएवढा उंच आणि तीनशे किलोंहून जड होता.

तुम्हालाही चॉकलेटवर एक प्रयोग करता येईल. मोठ्यांच्या मदतीने ओव्हनमधली फिरती ताटली आणि तिच्याखालचं चाक काढा. सपाट, न फिरणाऱ्या काचेच्या ताटलीवर चॉकलेटची लांब वडी ठेवून पंधरा-वीस सेकंद तापवा. सगळी वडी सारखी वितळत नाही, काही ठिकाणीच मऊ डाग पडतात. ओव्हनच्या भिंतींवरून परतणाऱ्या लहरी एकमेकींत मिसळून कुठे जोर वाढवतात, कुठे संपवतात, त्याचे हे डाग. एरवी ताटली फिरते ती याचसाठी, कपाचा प्रत्येक भाग जोराच्या जागेवरून जावा म्हणून. शेजारच्या दोन डागांमधलं अंतर पट्टीने मोजा. ते साधारण ६ सेंटिमीटर भरेल, म्हणजे अर्धी लहर. त्याची दुप्पट केली की पूर्ण लहर, सुमारे १२ सेंटिमीटर. आता ओव्हनच्या मागच्या पट्टीवर २४५० मेगाहर्ट्झ लिहिलेलं असतं ते बघा, म्हणजेच सेकंदाला २४५ कोटी. त्याला लहरीच्या लांबीने गुणा, सेंटिमीटरचे किलोमीटर करा. उत्तर तीन लाखांच्या जवळपास येतंय ना? हा आहे प्रकाशाचा वेग, सेकंदाला जवळजवळ तीन लाख किलोमीटर, आणि तो तुम्ही पट्टी आणि चॉकलेट घेऊन मोजलात. पट्टी थोडी इकडेतिकडे झाली तर उत्तरही हलेल, म्हणून दोन-तीनदा मोजून सरासरी काढा. वितळलेली वडी तुकडे करून मित्रांना वाटून टाका.